सर्व्हरचं भाडं आणि न सांगितलेला खर्च

परतवाड्यातला संत्र्याचा व्यापारी असो की चिखलदऱ्याचा लॉजवाला, वेबसाइट करून देणारा त्याला एकच आकडा सांगतो: सर्व्हरचं महिन्याचं भाडं. डिजिटलओशन या होस्टिंग कंपनीचा सगळ्यात लहान सर्व्हर महिन्याला 4 डॉलरला पडतो. त्यावर 18 टक्के जीएसटी आणि बिल डॉलरमधलं म्हणून कार्डाच्या बँकेचं शुल्क. एवढं कुणालाही झेपतं.

या भाड्यात बॅकअप मात्र नसतो. आठवड्याच्या बॅकअपसाठी हीच कंपनी भाड्याच्या 20 टक्के वेगळे घेते. ते द्या, आणि एक प्रत घरच्या हार्डडिस्कवरही ठेवा. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटासेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता अशा कित्येकांचं सगळंच गेलं.

दुसरा न सांगितलेला खर्च बाहेर जाणाऱ्या डेटाचा. अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतल्या सर्व्हरवरून महिन्याला 100 जीबी डेटा फुकट बाहेर जातो. पुढे जीबीला सुमारे 11 सेंट. पावसाळ्यात चिखलदऱ्याची गर्दी वाढली आणि साइटवरच्या जड व्हिडिओंपायी 1 टीबी डेटा गेला, तर शंभरेक डॉलरचं बिल येतं. व्हिडिओ यूट्यूबवर टाका. बिल ठरावीक रकमेपर्यंत गेलं की सूचना देणारा बजेट अलर्ट लावाच, पण तो फक्त कळवतो. मीटर थांबवत नाही.

आता वापराचे नियम, जे न वाचताच सगळे ‘मान्य’ दाबतात. विकत घेतलेल्या यादीवर घाऊक ईमेल, चोरीचे सिनेमे, परवानगीशिवाय क्रिप्टो मायनिंग यांवरून कंपनी सर्व्हर बंद करू शकते. खरी गंमत पुढे आहे: फुकटात मिळालेल्या चोरीच्या थीममधून कुणी साइटमध्ये घुसलं आणि तिथून स्पॅम पाठवलं, तरी बंद होतो तो तुमचाच सर्व्हर. कंपनी इमारत सांभाळते. आतलं सॉफ्टवेअर, पासवर्ड, अपडेट तुमच्याकडे. म्हणून देखभालीचे पैसे साइट करतानाच लेखी ठरवा.

कंपनीच्या नियमांखेरीज सरकारचेही आहेत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर घटना 6 तासांत कळवायची असते आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, 180 दिवस जपायच्या असतात. पाहुण्यांच्या आधारच्या प्रती साइटवर ठेवूच नका. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या ढिलाईसाठी 250 कोटींपर्यंत दंड लिहिला आहे, आणि पाहुण्यांच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या लॉजची.

होस्टिंगचं खातं आणि डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइल नंबरावर घ्या. साइट करणारा पोरगा उद्या पुण्याला नोकरीला गेला, तर ओटीपी त्याच्याकडे जाईल आणि लॉजचं बुकिंग अडकेल.