हवेचे डिस्क ब्रेक : घाटरस्त्यावरच्या गॅरेजने नेमकं काय विकायचं?

व्हिडिओत मुद्दे पटापट गेले. इथे सावकाश वाचा आणि वहीत उतरवून घ्या.

खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसाऱ्याकडे जा, नाहीतर मोखाडा-जव्हारकडे; चढउतार आणि वळणं आहेतच. पावसाळ्यात पर्यटकांच्या गाड्या वाढतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. उद्या एखादं मोटरहोम तुमच्या दारात थांबलं, तर तुम्ही काय विकणार? पॅड? नाही. आधी तपासणी विका.

१. गाडी ओळखा. पिकअप किंवा ट्रॅव्हलरला तेलावरचे ब्रेक असतात. बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या मोठ्या मोटरहोमला हवेचे असतात, तेही कधी ड्रम, कधी डिस्क. बघितल्याशिवाय भाव सांगू नका.

२. तपासणीचे वेगळे पैसे घ्या. टाकीतलं पाणी काढा. पाण्याबरोबर तेल आलं, तर कॉम्प्रेसर बघायला हवा. इंजिन बंद करून हवेचा काटा किती उतरतो ते पाहा. पॅडची जाडी मोजा, डिस्कला तडे आहेत का ते बघा. कॅलिपर पिनांवर मोकळा सरकतो का? चिखल-पाण्याने तो अडकला, की एकच पॅड झिजतो. सगळे आकडे कार्डावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्या.

३. बदलायचे तर नियमाने. बऱ्याच मोठ्या गाड्यांत पॅडचं घर्षणाचं थर २ मिमीवर आलं की पॅड बदलतात; पण शेवटचा शब्द त्या गाडीच्या पुस्तकाचा. एका अॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलायचे. "एकच बाजू करा, पैसे वाचतील," असं गिऱ्हाईक म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. एका बाजूला ब्रेक जास्त धरला, तर ओल्या उतारावर गाडी खेचली जाते.

४. जिवाशी खेळ नको. गाडी सपाट जागेवर घ्या, चाकांना ठोकळे लावा, मगच पार्किंग ब्रेक सोडा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. अॅडजस्टर हातानेच फिरवा, इम्पॅक्ट गनने नाही. पार्किंग ब्रेकच्या चेंबरमध्ये दाबलेली जबरदस्त स्प्रिंग असते. तो चेंबर कधीही उघडू नका.

५. भांडवल बेताचं ठेवा. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. सुरुवातीला मोजमापाची साधनं, भक्कम स्टँड आणि टॉर्क पाना घ्या. पॅडचा साठा करू नका. प्रत्येक गाडीचा पॅड वेगळा. शहरातल्या दोन पार्ट दुकानदारांशी आधीच बोलून ठेवा. डिस्क बदलणं किंवा कॅलिपर दुरुस्ती प्रशिक्षित मिस्त्री मिळेपर्यंत घेऊ नका.

"गाडी उतारावर नेऊ नका" हे सांगताना त्या दिवसाचा धंदा जाईल. पण घाटातलं गॅरेज नावावर चालतं, आणि नाव अशाच नकारांतून होतं.

गृहपाठ : आठवडाभर तुमच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोठ्या गाड्या मोजा. त्यात हवेच्या ब्रेकच्या किती, ते लिहा. आकडा छोटा निघाला, तर तेलावरच्या ब्रेकपासूनच सुरुवात करा.