वाढते उष्णमान आणि आपल्या नद्यांचे पूर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची जाम नदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे भय वाटणे कठीण. या तीरावर पांढुर्णा, त्या तीरावर सावरगाव, आणि पात्रात रोवलेल्या पळसाभोवती माणसांची गर्दी! अशी ही नदी घात करील असे कोणास वाटेल? परंतु लहान नदीविषयीचा हा विश्वासच कसा महाग पडतो, ते आपल्या शेजारच्या मोवाडने सांगून ठेवले आहे. वर्धा नदी जवळच्याच मुलताई तालुक्यात उगम पावते. नरखेड तालुक्यातील मोवाडपाशी ती अजून बाल्यातच असते. तरीही ३० जुलै १९९१ रोजी तिच्या पुराने त्या गावची २०४ माणसे नेली.

तो पूर पृथ्वी तापल्यामुळेच आला, असे आम्ही म्हणत नाही. पूर पूर्वीही येत आणि पुढेही येतील. आमचा प्रश्न वेगळा आहे. तसे दिवस आता अधिक वेळा येणार काय? आणि येणार असतील तर ते कशामुळे? या प्रश्नाचा थोडा विचार येथे करू.

ओले धोतर पौषात वाळण्यास दिवस लागतो, वैशाखात ते घटकेत वाळते. हवा जितकी उष्ण, तितके अधिक बाष्प ती आपल्यात सामावून घेऊ शकते. शास्त्रज्ञांचा हिशोब असा की, उष्णमान एक अंश सेल्सिअसने वाढले म्हणजे हवेची ही शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेतील कर्बवायू वाढतो, आणि तो पृथ्वीची उष्णता बाहेर जाण्यास अडथळा करतो. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेने २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी उष्णमान सुमारे १.१ अंशाने अधिक होते. समुद्रही तापले. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे वारे अधिक बाष्प आणतात, आणि बंगालच्या उपसागरातून एखादा कमी दाबाचा पट्टा आपल्याकडे सरकला की ते सारे बाष्प थोड्या वेळात एकाच मुलखावर रिते होते.

मग एकंदर पाऊस वाढला काय? नाही, आणि खरी मेख येथेच आहे. बी. एन. गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताचा पाऊस तपासला. अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे प्रसंग घटले, असे त्यांना २००६ साली आढळले. हंगामाची बेरीज मात्र फारशी बदललेली नव्हती. पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकारी यांनी २०१७ साली दाखविले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. आपल्या बोलीत सांगायचे तर झड कमी झाली आणि लोंढा वाढला.

झडीचे पाणी जमीन पिते, लोंढ्याचे पीत नाही. एका एकरावर १० सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४ लाख लिटर पाणी पडले. हे आठ दिवसांत पडले तर वावरात मुरते आणि विहिरीस लाभते. तेच चार तासांत पडले तर काळी माती फुगून तिच्या भेगा मिटतात व पाणी वरूनच धावते. त्यात आपला मुलूख सातपुड्याच्या उताराचा! टेकडीवरचे पाणी नाल्यात आणि नाल्याचे नदीत येण्यास वेळ लागत नाही. संत्र्याच्या बागेत पाणी साचले की मुळे कुजतात व झाडांना डिंक्या लागतो. म्हणजे ज्या पावसाने विहीर भरली नाही, त्यानेच बाग बसविली.

हे पाणी आपल्या शिवेवर थांबत नाही. जाम कान्हानला मिळते, कान्हान सौसर तालुक्यातून नागपूर जिल्ह्यात उतरते, कामठीजवळ पेंचला घेते आणि पुढे वैनगंगेस मिळते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस छिंदवाड्याच्या बाजूस मोठा पाऊस झाला, धरणांतून पाणी सोडावे लागले, आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगेकाठी हाहाकार उडाला. तेथे बुडालेल्या कित्येक गावांवर तितका पाऊस पडलेलाही नव्हता.

येथे न्यायाचाही प्रश्न आहे. ज्याच्या घरी मोटार नाही, कारखाना नाही, अशा मजुराने हवेत कितीसा कर्बवायू सोडला? पण नाल्याच्या काठी झोपडी त्याचीच असते, कारण इतरत्र जागा त्यास परवडत नाही. म्हणून नुसते ‘अतिक्रमण काढा’ म्हणून भागणार नाही. आधी त्यास उंचावर जागा मिळाली पाहिजे, आणि मगच नाल्यास त्याची वाट मोकळी करून द्यावी.

आपल्या हाती काय आहे? उतारावर झाडे राखणे, वावराचे धुरे नीट ठेवणे व जास्तीच्या पाण्यास दगडी सांडवा देणे, बागेत चर काढणे ही कामे जुनीच आहेत. मध्यम पावसास ती पुरतात. परंतु अतिवृष्टीस धुरे अडवू शकत नाहीत, तेथे माणसाची सावधगिरीच उपयोगी पडते. यासाठी तीन गोष्टी आम्ही सुचवितो. प्रत्येक गावी आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची खूण वडीलधाऱ्यांना विचारून शाळेच्या वा देवळाच्या भिंतीवर रंगवावी. शाळेत पर्जन्यमापक ठेवून मुलांकडून रोजची नोंद करवावी, आणि पाऊस अतोनात झाला की खालच्या गावांस दूरध्वनीने कळवावे. तिसरी गोष्ट म्हणजे पुलावरून पाणी वाहत असता, ते घोट्याइतके का असेना, कोणी पलीकडे जाऊ नये व कोणास जाऊ देऊ नये.

मोवाडची माणसे परत येणार नाहीत. परंतु वरच्या गावाने वेळेवर दिलेली हाक खालच्या गावाचे प्राण वाचवू शकते. पाणी आपल्याकडून खाली जाते, तर त्याच्या आधी निरोप गेला पाहिजे. आपल्या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांचे एकमेकांशी एवढे नाते खासच आहे.