माणसांचे चित्रकार

(साध्या माणसांच्या रोजच्या जीवनाला चित्रात स्थान देणाऱ्या एका चित्रकाराची ओळख या पाठात करून दिली आहे.)

चित्र म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, एक नदी आणि काठावर छोटेसे घर. चित्रकलेच्या वहीत आपण बहुतेकजण हेच काढतो. पण हातगाडी ओढणारा हमाल, सायकलचे पंक्चर काढणारे चाचा, मुलाला कडेवर घेऊन बसची वाट पाहणारी बाई, यांचे चित्र काढावे असे आपल्याला सहसा वाटत नाही. त्यांच्यात काढण्यासारखे काय आहे, असे आपण म्हणतो.

अशाच माणसांची चित्रे ज्यांनी अनेक वर्षे काढली, त्या चित्रकारांचे नाव आहे सुधीर पटवर्धन.

त्यांचा जन्म १९४९ साली पुणे येथे झाला. ते कोणत्याही चित्रकला विद्यालयात शिकले नाहीत. त्यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरीचे शिक्षण घेतले. चित्रकला मात्र ते स्वतःच्या प्रयत्नाने शिकले. १९७२ साली पदवी मिळवल्यानंतर ते मुंबईला आले. पुढे १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, त्यांनी ठाणे येथे क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून काम केले. डॉक्टरी आणि चित्रकला अशी दोन्ही कामे त्यांनी बरोबरीने केली.

क्ष-किरण तज्ज्ञाचे काम कसे असते? शरीराच्या आतील भागाचे चित्र समोर धरायचे आणि ते बारकाईने पाहायचे. हाड कोठे मोडले आहे, छातीत कोठे डाग आहे, हे शोधायचे. या चित्रात श्रीमंताचे हाड आणि गरिबाचे हाड सारखेच दिसते! घाईघाईने पाहिले तर आजार नजरेतून सुटतो. चित्रकारालाही असेच पाहावे लागते. ओझे उचलणाऱ्या माणसाची पाठ कशी वाकते, दिवसभर काम करून थकलेला माणूस कसा बसतो, हे लक्षपूर्वक पाहिल्याशिवाय कागदावर उतरत नाही.

पटवर्धन यांच्या चित्रांचे विषय पाहा. १९७७ सालच्या एका चित्रात त्यांनी इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस रंगवला. १९८० सालच्या 'ट्रेन' या चित्रात लोकलच्या डब्यातील प्रवासी आहेत. रस्ते, पूल, चाळी, कारखाने आणि त्यांच्यामधून वाट काढणारी माणसे त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा भेटतात. ही माणसे राजे नाहीत, पुढारी नाहीत, सिनेनट नाहीत. तरीही चित्रात त्यांना मानाची जागा मिळाली आहे.

त्या काळात अनेक चित्रकार माणसाचे रूप न काढता केवळ रंग आणि आकार यांतून चित्रे घडवत होते. अशा वेळी १९८१ साली सहा चित्रकारांनी मिळून मुंबई आणि दिल्ली येथे एक प्रदर्शन भरवले. त्याचे नाव होते 'प्लेस फॉर पीपल', म्हणजे माणसांसाठी जागा. गुलाममोहम्मद शेख, भूपेन खक्कर, नलिनी मलानी यांच्याबरोबर पटवर्धन यांचीही चित्रे त्यात होती. कोणाला चित्रात जागा द्यायची, हा प्रश्न या नावातच आहे.

शहर नेहमी बदलत असते. मुंबईत पूर्वी कापडाच्या गिरण्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांमध्ये मोठा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले. त्यानंतर एकेक करून अनेक गिरण्या बंद पडल्या. कामगारांची घरे उघडी पडली. त्यांच्या वस्तीजवळ उंच इमारती उभ्या राहू लागल्या. २००१ साली पटवर्धन यांनी 'लोअर परळ' हे चित्र काढले, त्यात गिरण्यांचा हा बदलता भाग आहे. पुढे २०१४ साली 'मुंबई प्रॉव्हर्ब्ज' नावाच्या सात भागांच्या मोठ्या चित्रात त्यांनी मुंबईचे जीवन मांडले. गिरण्या गेल्या तरी त्यांची आठवण चित्रात राहते.

पण मुलांनो, एक अवघड प्रश्न उरतो. कामगाराचे चित्र काढले, तरी ते लागते मोठ्या शहरातील दालनात. मग ज्याचे चित्र आहे, तो ते पाहणार कसे? पटवर्धन यांनी आपल्या परीने यावर एक वाट शोधली. २००८ साली त्यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' या फिरत्या प्रदर्शनाचे संयोजन केले. आजच्या अनेक भारतीय चित्रकारांची चित्रे त्यातून महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत गेली. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या स्वतःच्या अनेक वर्षांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

आता आपल्या नंदुरबार जिल्ह्याकडे वळू. येथे चित्रांना विषय कमी आहेत का? सारंगखेड्याच्या यात्रेतील घोडे सर्वांच्याच डोळ्यांत भरतात. पण मिरचीच्या पथारीवर, लाल ढिगांमध्ये, नाकातोंडाला कपडा बांधून काम करणाऱ्या बायका आपण कधी नीट पाहिल्या आहेत का? कामासाठी गुजरातकडे निघालेली सातपुड्यातील कुटुंबे, त्यांची गाठोडी, गाठोड्यावर झोपलेले मूल आपण पाहतो आणि पुढे जातो.

चित्र काढता आले नाही तरी चालेल. आधी थांबून पाहायला शिका. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्याच्याकडे आदराने पाहणे हीसुद्धा त्याला दिलेली जागाच आहे.

शब्दार्थ
हमाल – ओझे वाहणारा मजूर
क्ष-किरण – शरीराच्या आतील चित्र घेण्यासाठी वापरतात ते किरण
बारकाईने – फार लक्ष देऊन
संप – मागण्यांसाठी काम बंद ठेवणे
दालन – मोठी खोली
पथारी – मिरची वाळवण्याची मोकळी जागा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सुधीर पटवर्धन यांचा जन्म कोठे झाला?
(आ) १९८१ सालच्या प्रदर्शनाचे नाव काय होते?
२. क्ष-किरण तज्ज्ञ आणि चित्रकार यांच्या कामात कोणते साम्य आहे?
३. 'कागद', 'मजूर', 'इमारत' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.
४. तुमच्या मोहल्ल्यात काम करणाऱ्या एका माणसाचे निरीक्षण करा. त्याच्याविषयी पाच वाक्ये मराठीत लिहा.