अमेरिकन लष्करी अळीचा पतंग : नर व मादी यांची ओळख

माधवनगरच्या एका शेतकरी बंधूंनी काडेपेटीत घालून दोन पतंग आणले व यांतला मक्याचा शत्रू कोणता, असे विचारले. एक ठिपकेदार होता, दुसरा अगदी साधा, मातकट. वस्तुतः दोन्ही एकाच जातीचे होते. पहिला नर, दुसरी मादी. अशी फसगत जाणत्यांचीही होते.

मूळची अमेरिका खंडातील ही कीड भारतात प्रथम मे 2018 मध्ये कर्नाटकातील शिवमोगा येथे मक्यावर आढळली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात ती उसावरही दिसून आली.

पंख पसरले असता पतंगाची रुंदी 32 ते 40 मिलिमीटर भरते. नराचे पुढील पंख करड्या-तपकिरी रंगाचे असून टोकाशी पांढरा त्रिकोणी डाग व मध्यभागी फिकट, तिरपा, लांबट ठिपका असतो. मादीच्या पुढील पंखांवर एकसारखी करडी छटा किंवा पुसट चट्टे एवढेच दिसते. मागील पंख दोघांचेही रुपेरी पांढरे व काळसर किनारीचे असतात. परंतु तेवढ्यावरून निर्णय करू नये. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीच्या पतंगाचे मागील पंखही पांढरेच असतात. मात्र त्याच्या पुढील पंखांवर फिकट रेषांचे जाळे असते. पतंग जुना झाला की पंखांवरील खवले झडतात व नराची खूणही पुसट होते.

कामगंध सापळ्यात केवळ नर येतात. सापळ्यात साधे पतंग नाहीत, म्हणून शेतात माद्या नाहीत, असा अर्थ काढणे घातक आहे. याच साध्या मादीने घातलेल्या एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी असतात व त्यावर करड्या लवेचे आवरण असते.

अळीचा रंगही फसवा. ती हिरवी, तपकिरी किंवा जवळजवळ काळीही असते. रंग सोडून खुणा पाहाव्यात : डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे ठेवल्यासारखी फिकट रेघ, आणि शेपटीकडील भागावर चौकोनात चार काळे ठिपके. या किडीच्या मका-कुळी व भात-कुळी अशा दोन कुळी आहेत. त्या मात्र नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखता येत नाहीत, तेव्हा त्या खटपटीत पडू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सापळ्यातील नर मोजावेत, व त्याच फेरीत शेतातील पाच ठिकाणची झाडे निवडून त्यांचे पोंगे व पानांच्या दोन्ही बाजू तपासाव्यात.