स्त्री वास्तुविशारद आणि लाकडी बांधकाम

एखाद्या व्यवसायाविषयी समाजाच्या मनात जे चित्र तयार होते, ते कोणावर कोणते काम सोपविले जाते यातून घडत असते. स्थापत्याच्या क्षेत्रात घराची अंतर्गत सजावट, पडदे आणि रंगसंगती ही स्त्रीची कामे, तर पाया, खांब आणि तुळया यांचा विचार पुरुषाने करावयाचा, अशी वाटणी कोणत्याही कायद्यावाचून रूढ झाली. लाकडाच्या वाट्यालाही आधुनिक काळात असेच दुय्यम स्थान आले. सजावटीला ते चालेल, पण भार वाहण्यास पोलाद आणि काँक्रीटच हवे, असे मानले जाऊ लागले. हे दोन्ही समज कितपत खरे आहेत, हे पाहण्यासाठी बंगळूर शहराचे उदाहरण उपयोगी पडते.

भारतात पेरिन मिस्त्री यांनी १९३६ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून स्थापत्याची पदविका मिळविली. या देशातील पहिल्या स्त्री वास्तुविशारद म्हणून त्या ओळखल्या जातात. पुढील दशकात कँडीच्या मिनेट डिसिल्वा मुंबईत शिकत होत्या. राष्ट्रीय चळवळीला पाठिंबा दिल्यामुळे त्यांचे शिक्षण खंडित झाले, तेव्हा त्या बंगळूरला ओटो केनिग्सबर्गर यांच्या कार्यालयात काम करू लागल्या. केनिग्सबर्गर हे म्हैसूर संस्थानाचे मुख्य वास्तुविशारद होते. जमशेटपूरच्या नगररचनेच्या कामात मिनेट यांचा सहभाग होता. १९४८ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेच्या त्या सहसदस्य झाल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री होत. कँडीत त्यांनी बांधलेल्या घरांत स्थानिक विणकरांचे व लाखकाम करणाऱ्यांचे कौशल्य आधुनिक रचनेत सामावले गेले आहे.

बंगळूरला लाकडाचा अनुभव जुना आहे. १७९१ मध्ये पूर्ण झालेल्या टिपू सुलतानाच्या उन्हाळी महालाचे खांब सागवानी आहेत. पुण्याचा विश्रामबागवाडा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. परंतु जंगले वाचावीत या हेतूने केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये आपल्या कामांत लाकूड वापरण्यास बंदी केली. ही बंदी २०२० मध्ये उठविण्यात आली. लागवडीच्या झाडांपासून मिळणारे लाकूड वापरल्यास जंगलाची हानी टळते आणि झाडाने शोषलेला कार्बन इमारतीत साठून राहतो, हा विचार मधल्या काळात मान्य होत गेला.

लाकूड पेट घेते, ही शंका रास्तच आहे. तथापि जाड तुळई जळू लागली म्हणजे तिच्या पृष्ठभागाचा कोळसा होतो आणि तो थर आतील लाकडाला उष्णतेपासून काही काळ वाचवितो. ही जळण्याची गती साधारणपणे अर्ध्या तासाला दोन सेंटिमीटर असते. म्हणून तेवढी जाडी अधिक धरून तुळईचे माप ठरविता येते. फळ्यांचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून केलेल्या ‘क्रॉस लॅमिनेटेड टिंबर’ने तर बहुमजली इमारतीही शक्य झाल्या आहेत. लंडनमध्ये २०१६ साली ॲलिसन ब्रुक्स यांनी याच पद्धतीने ३४ मीटर लांबीची एक वक्र रचना उभारली. तिची दोन्ही टोके अधांतरी होती.

बंगळूरमध्ये नीलम मंजुनाथ यांनी बांबू हे माध्यम निवडले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. पण बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांची प्रक्रिया केल्यास त्याला कीड लागत नाही आणि तो बांधकामास योग्य ठरतो. मंजुनाथ यांनी ‘बांबू सिम्फनी’ या आपल्या कार्यालयाच्या इमारतीत बांबू हा रचनेचेच एक अंग म्हणून वापरला. याच शहरात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्लायवुड संशोधन संस्थेने बांबूच्या चटयांपासून छपराचे पन्हाळी पत्रे तयार करण्याचे तंत्र विकसित केले होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. माती, बांबू, लाकूड ही सामग्री स्त्रीच्या ‘कोमल स्वभावाला’ साजेशी आहे, असे कौतुकाने म्हटले जाते. त्या कौतुकामागे जुनीच वाटणी दडलेली असते. तुळईचे माप स्वभावाने ठरत नाही. ते गणिताने ठरते. श्रेयाच्या बाबतीतही हेच घडते. १९९१ चा प्रित्झकर पुरस्कार रॉबर्ट व्हेंचुरी या एकट्यांना मिळाला. त्यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या पत्नी डेनिस स्कॉट ब्राउन यांचे नाव त्यात जोडावे, ही २०१३ मधील मागणी मान्य झाली नाही.

तेव्हा एखादी इमारत पाहताना तिच्या सौंदर्याबरोबरच तिचा भार कशाने पेलला आहे आणि त्याचा हिशेब कोणी केला, हेही वाचकाने विचारावे. नकाशावरील सहीचे महत्त्व या प्रश्नातूनच कळते. स्थापत्य शिकू इच्छिणाऱ्या मुलीला सजावटीचा सोपा मार्ग सुचविण्यापूर्वी तिच्या वडीलधाऱ्यांनीही हा प्रश्न स्वतःला विचारणे अगत्याचे आहे.