वाढत्या अंगाचे कर्ज

मुलांचे कपडे घेताना आपण ते एक माप मोठेच घेतो. ‘वाढत्या अंगाचे असू द्या’ हे वाक्य कापडाच्या दुकानात नित्य कानी पडते. मूल वाढणार हे निश्चित असल्यामुळे या निर्णयात फारसा धोका नसतो. व्यवसायासाठी कर्ज घेतानाही पुष्कळदा हाच विचार केला जातो. आज कर्ज थोडे मोठे वाटले, तरी उद्या विक्री वाढली की ते अंगाला बरोबर बसेल, अशी अपेक्षा असते. परंतु व्यवसाय मुलाप्रमाणे निसर्गनियमाने वाढत नाही. या दृष्टीने जिंबोरी या अमेरिकन बालवस्त्र कंपनीचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे.

आरंभ व विस्तार

१९७६ मध्ये जोन बार्न्स यांनी कॅलिफोर्नियात लहान मुले व त्यांचे पालक यांच्यासाठी खेळाचे वर्ग सुरू केले. या वर्गांतून मिळालेल्या नावलौकिकाच्या बळावर १९८६ मध्ये कंपनीने मुलांच्या कपड्यांचे पहिले दुकान उघडले. १९९३ मध्ये तिचे समभाग जनतेस खुले झाले. पुढे २००२ मध्ये उंची कपड्यांसाठी ‘जेनी अँड जॅक’ आणि २००७ मध्ये स्वस्त कपड्यांसाठी ‘क्रेझी एट’ ही दुकाने सुरू झाली.

बालवस्त्रांच्या धंद्याचे एक आकर्षण असे की, ग्राहक काही महिन्यांतच परत येतो. कारण जुने कपडे मुलाला तोकडे होतात. मात्र याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. एकच नमुना सहा मापांत व तीन रंगांत ठेवायचा, तर मालाचे अठरा प्रकार होतात. हंगाम संपताच उरलेला माल सवलतीत काढावा लागतो. म्हणजे या धंद्यात विक्री वारंवार होत असली, तरी मालसाठ्यात पैसा अडकण्याची भीतीही तितकीच मोठी असते.

कर्ज कशासाठी?

२०१० मध्ये बेन कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने सुमारे १८० कोटी डॉलर मूल्याला जिंबोरी विकत घेतली. या खरेदीसाठी ८२ कोटी डॉलरचे मुदत कर्ज व ४० कोटी डॉलरचे कर्जरोखे उभारण्यात आले, आणि त्यांच्या परतफेडीचा भार खरेदी झालेल्या कंपनीवरच आला. येथे एक भेद लक्षात घ्यावा. हे कर्ज मुख्यतः नवी दुकाने काढण्यासाठी नव्हते, तर मालकी बदलण्यासाठी होते. रोख्यांवरील व्याजदर ९.१२५ टक्के होता. म्हणजे केवळ रोख्यांपोटी दरवर्षी ३ कोटी ६५ लाख डॉलर व्याज द्यावयाचे होते. मुदत कर्जाचे व्याज त्याहून वेगळे.

त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेतील मॉलमधील वर्दळ घटली, इंटरनेटवरून खरेदी वाढली आणि स्वस्त कपडे विकणाऱ्या मोठ्या दुकानांशी स्पर्धा तीव्र झाली. विक्री आणि नफा यांची गती बदलली. व्याजाच्या तारखा मात्र बदलल्या नाहीत. २०१६ मध्ये कंपनीने आपले खेळाचे वर्ग, म्हणजे ज्यापासून तिचा उगम झाला तो व्यवसायच, विकला. जून २०१७ मध्ये तिने न्यायालयाकडे दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. कर्जाचा मोठा भाग कमी होऊन त्याच वर्षी ती त्यातून बाहेर पडली. परंतु जानेवारी २०१९ मध्ये तिला पुन्हा अर्ज करावा लागला आणि जिंबोरी व क्रेझी एट यांची आठशेहून अधिक दुकाने बंद करण्याचा निर्णय झाला. नंतर ‘द चिल्ड्रन्स प्लेस’ या स्पर्धक कंपनीने ही दोन्ही नावे विकत घेतली.

एक छोटे गणित

हेच तत्त्व आपल्या गावातील दुकानाला लावून पाहू. समजा, वार्षिक विक्री १०० लाख रुपये, मालाची किंमत ७० लाख आणि भाडे, पगार, वीज इत्यादी स्थिर खर्च २० लाख आहे. व्याजापूर्वीचा नफा १० लाख होतो. आता विक्री १५ टक्क्यांनी घटली, तर ती ८५ लाखांवर येईल व मालाची किंमत ५९.५ लाख होईल. स्थिर खर्च मात्र २० लाखच राहील. नफा उरेल ५.५ लाख. विक्रीतील १५ टक्के घटीने नफ्यात ४५ टक्के घट झाली!

या दुकानदाराचे कर्ज १२ टक्के दराने ४० लाख असेल, तर ४.८ लाख व्याज देऊन त्याच्या हाती ७० हजार रुपये उरतील. कर्ज ६० लाख असेल, तर व्याज ७.२ लाख होऊन १.७ लाखांचा तोटा होईल. दुकान तेच, ग्राहक तेच; भेद केवळ कर्जाच्या मापाचा.

दोष कर्जाचा नव्हे

यावरून कर्ज घेऊच नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १८६५ मध्ये स्थापन झालेली कार्टर्स ही अमेरिकेतीलच बालवस्त्र कंपनीही गुंतवणूक संस्थांच्या मालकीत गेली होती. मात्र २००३ मध्ये समभाग विक्रीस काढून तिने त्या रकमेतील काही भाग कर्ज फेडण्यासाठी वापरला आणि २००५ मध्ये ओशकोश बगॉश ही जुनी कंपनी विकत घेतली. स्वतःच्या दुकानांबरोबरच इतर मोठ्या दुकानांतूनही तिचा माल विकला जात असल्याने तिचा सारा भार एकाच मार्गावर नव्हता.

म्हणून कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक व्यावसायिकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या कर्जातून उत्पन्न देणारी मालमत्ता निर्माण होणार आहे काय? विक्री १५ ते २० टक्क्यांनी घटली, तरी व्याज व हप्ता भागेल काय? आणि मालसाठ्यातील किती माल गेल्या हंगामाचा आहे? अपेक्षित विक्रीबरोबरच घटलेल्या विक्रीचेही अंदाजपत्रक तयार करून ते शाखाधिकाऱ्यांपुढे निःसंकोचपणे ठेवावे. त्यामुळे कदाचित मंजूर रक्कम थोडी कमी होईल. परंतु ती आपल्या व्यवसायाच्या आजच्या अंगाला बसणारी असेल.