लसीकरण : अमानत आणि शेजाऱ्याचा हक्क



संतती ही अल्लाहने आपल्या हाती सोपविलेली अमानत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका सुप्रसिद्ध हदीसचा आशय असा की, तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि आपल्या राखणीत असलेल्यांविषयी प्रत्येकाला जाब द्यावा लागणार आहे. मुलांची नमाज, त्यांचे शिक्षण, त्यांचे चारित्र्य यांविषयी हा जाब आहे, हे आपण जाणतो. त्यांच्या शरीराचाही त्यात समावेश आहे, याचा मात्र अनेकदा विसर पडतो.

2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ आली. पाठोपाठ भिवंडी आणि नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथेही तिने पाय पसरले. ही दाट मुस्लिम वस्तीची ठिकाणे आहेत. दहाहून अधिक बालके दगावली आणि त्यांतील बहुतेकांना गोवराची लस मिळालेली नव्हती. कोरोनाकाळात नियमित लसीकरण खोळंबले होते, वस्त्यांत गर्दी होती, कुपोषण होते. पण त्याबरोबर मनातील शंकाही होत्या. आपल्या वाशीम जिल्ह्यातही एक मालेगाव आहे, कारंजा आहे, मंगरूळपीर आहे. तेथील घराघरांत याच शंका ऐकू येतात. म्हणून त्यांचा विचार शरीअतच्या प्रकाशात करू या.

तकदीर आणि उपाय

पहिली शंका अशी : आजार तकदिरीत असेल तर येणारच, मग सुई कशाला?

हाच प्रश्न हजरत उमर (रजि.) यांनाही विचारला गेला होता. शामकडे जाताना सर्ग या ठिकाणी त्यांना कळले की, पुढे प्लेग पसरला आहे. त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, आपण अल्लाहच्या तकदिरीपासून पळता आहात काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की, होय, अल्लाहच्या एका तकदिरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदिरीकडे. पुढे त्यांनी दाखला दिला : दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कोठेही चारले तरी ते अल्लाहच्या तकदिरीनेच होईल. आपण शेतकरी माणसे आहोत. हिरवे रान समोर असताना जनावर खडकावर नेणाऱ्या गुराख्याला आपण तवक्कुलवाला म्हणत नाही. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर विसंबावे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

काही जण म्हणतात, औषध आजार झाल्यावर घ्यावे, निरोगी मुलाला का टोचावे? सकाळी सात अजवा खजूर खाणाऱ्यास त्या दिवशी विष बाधत नाही, अशा आशयाची हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. संकट येण्यापूर्वी रक्षणाचा उपाय करणे वैध असल्याचा आधार अनेक उलमांनी तिच्यात पाहिला आहे.

हलाल-हरामचा प्रश्न

ही शंका ईमानातून येते, म्हणून तिची टर उडवू नये. काही लसींत त्या टिकाव्यात म्हणून जिलेटिन वापरतात आणि ते कधी डुकरापासून मिळविलेले असते. 2018 मध्ये इंडोनेशियाच्या उलमा परिषदेने पुण्यात तयार होणाऱ्या गोवर-रुबेला लसीविषयी हीच हरकत नोंदविली. मात्र त्याच फतव्यात, हलाल पर्याय उपलब्ध नाही आणि मुलांच्या जिवाला धोका आहे, या निकडीमुळे ती वापरण्यास परवानगी दिली. दुसऱ्या बाजूने, 1995 मध्ये कुवेत येथे जमलेल्या विद्वानांनी ‘इस्तिहाला’चे तत्त्व मांडले : पदार्थाचे मूळ स्वरूपच पालटले की त्याचा हुकूमही पालटतो. दारूचा सिरका होतो, तसे. वाटा दोन असल्या तरी दोन्ही मुलाचे प्राण वाचविण्यापाशीच पोहोचतात.

शेजारचा पाळणा

गोवर म्हणजे अंगावरचे पुरळ एवढेच नव्हे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या दहा माणसांचा रुग्णाशी संपर्क आला, तर सुमारे नऊ जणांना बाधा होते. न्यूमोनिया होतो, कुपोषित बालकाची दृष्टी जाऊ शकते. शरीराने इतर रोगांशी लढून मिळविलेली शक्तीही गोवर पुसून टाकतो.

आपल्या देशात या लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. मग आठ महिन्यांच्या तान्ह्याचे काय? त्याला रक्षण मिळते ते भोवतालच्या मुलांकडून. शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव जण सुरक्षित असतील, तर गोवराला वाट सापडत नाही. नमाजीला आपण सफमधील रिकामी जागा भरतो, कारण ती उणीव साऱ्या जमाअतची असते. लस न दिलेले मूल ही वस्तीच्या सफमधील अशीच रिकामी जागा आहे.

म्हणूनच ‘माझे मूल, माझी मर्जी’ हे म्हणणे शरीअतच्या कसोटीस उतरत नाही. स्वतःस इजा नको आणि दुसऱ्यासही नको, हा फिकहचा पायाभूत नियम आहे. शेजाऱ्याच्या पाळण्यातील जीव हा शेजाऱ्याच्या हक्काचाच भाग आहे.

येथे मला स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. आमच्या मशिदीच्या माइकवरून हरवलेल्या शेळीची सूचना दिली जाते, जनाज्याची वेळ सांगितली जाते. लसीकरणाचा दिवस मात्र मी अनेक वर्षे कधी सांगितला नाही. एकदा एका आशाताईंनी विचारले, “मौलाना, आमच्या कामाला तो माइक चालत नाही का?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या जुम्यापासून सूचना सुरू झाली.

आपण काय करावे?

आजच घरातील माता-बाल संरक्षण कार्ड काढून पाहावे. डोस राहिला असेल तर उपकेंद्रात किंवा अंगणवाडीतील सत्रात जाऊन विचारावे. पाच वर्षांच्या आतील मुलाचा राहिलेला गोवराचा डोस नंतरही देता येतो. शासकीय केंद्रांत तो मोफत असतो. वीटभट्टी, ऊसतोड किंवा अन्य कामासाठी बाहेरगावी जाताना कार्ड सोबत न्यावे. तेथील शासकीय केंद्रातही लस मिळते. टोचल्यावर अंगात थोडी कणकण येऊ शकते, तिला घाबरू नये. ताप चढला किंवा मूल मलूल दिसले, तर डॉक्टरांना दाखवावे. आजी-आजोबांचा विरोध असेल तर वाद न घालता त्यांना सोबत न्यावे. आपल्या देशातून पोलिओ हद्दपार झाला, तो याच मार्गाने. अनेक ठिकाणी इमामांनी मशिदींतून आवाहन केले, मातांनी दारे उघडली. 2011 च्या जानेवारीनंतर येथे त्याचा नैसर्गिक विषाणू आढळला नाही आणि 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला.

एक जीव वाचविणे म्हणजे अवघ्या मानवजातीस वाचविणे, असे कुरआनच्या पाचव्या सूरतमध्ये सांगितले आहे. तो जीव कदाचित आपल्या घरातील नसेल. भिंतीपलीकडच्या पाळण्यातील असेल. अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांचे रक्षण करो आणि ही अमानत पार पाडण्याची आपल्याला तौफीक देवो. आमीन.